गुडघ्याचा गृहपाठ

(गावच्या प्रौढ साक्षरता वर्गापुढे केलेले भाषण)



तुम्ही दिवसभर रानात राबता. रात्री जेवणखाण आटोपून या वर्गाला येता. एकेक अक्षर जोडून वाचता. हे पाहून आम्हांला फार समाधान वाटते. आज आम्ही तुम्हांला एक गोष्ट सांगणार आहोत. ती राजाची नाही, राणीची नाही. ती आमच्या उजव्या गुडघ्याची आहे.

हसू नका! वर्ग सुटला, की उठताना तुमच्यातले किती जण गुडघ्यावर हात टेकतात आणि "आई गं" म्हणतात, ते आम्ही रोज ऐकतो. म्हणून ही गोष्ट एकट्या आमची नाही. तुमचीही आहे.

सात पायऱ्या

आम्ही पस्तीस वर्षे फळ्यापुढे उभे राहिलो. सुट्टीत घरच्या दोन एकर रानात राबलो. साठी जवळ आली आणि उजवा गुडघा आतल्या बाजूने दुखू लागला. आधी पायऱ्या उतरताना दुखे. मग जमिनीवरून उठताना दुखू लागला. पुढे पुढे रात्री कूस बदलतानाही जाग येई.

मग आम्ही काय केले? चारचौघे करतात तेच. तेल चोळले. पाल्याचा लेप लावला. गुडघ्याला पट्टा बांधला. कोणी सांगितलेल्या गोळ्या खाल्ल्या. सगळे केले, फक्त हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो नाही. अशी तीन वर्षे घालवली.

आपल्या मारुतीच्या देवळाला सात पायऱ्या आहेत. त्या सात पायऱ्या आम्हांला डोंगर वाटू लागल्या. आम्ही रस्त्यावरूनच देवाला हात जोडू लागलो. पारावर बसणे बंद झाले. नातवाला शाळेत पोचवायला जात होतो, तेही बंद झाले. चालणारा माणूस घरात बसला, की त्याचे वजन वाढते. वजन वाढले, की गुडघा जास्त दुखतो. गुडघा दुखला, की माणूस आणखी बसतो. असे हे रहाटगाडगे असते, मंडळी.

शेवटी मुलगा आम्हांला शहरात घेऊन गेला.

तीन खणांचे घर

डॉक्टरांनी आम्हांला उभे करून गुडघ्याचा फोटो काढला. तो उजेडापुढे धरून समजावून सांगितले.

गुडघ्यात वर मांडीचे हाड असते. खाली नडगीचे हाड असते. समोर वाटी असते. हाडांच्या टोकांवर गुळगुळीत गादी असते. तिला कूर्चा म्हणतात. तिच्यामुळे हाडावर हाड घासत नाही. ही गादी झिजली, की लोक म्हणतात, "वंगण संपले."

गुडघा हे तीन खणांचे घर आहे असे समजा. एक खण आतल्या बाजूला, म्हणजे दुसऱ्या गुडघ्याकडे. एक खण बाहेरच्या बाजूला. आणि एक खण समोर, वाटीच्या मागे. आमचा फक्त आतला खण झिजला होता. बाकीचे दोन खण शाबूत होते.

आता सांगा, घरातल्या एका खणाची फरशी उखडली, तर आपण सारे घर पाडतो का? नाही. तेवढ्या खणाची फरशी नवी बसवतो. तसेच हे ऑपरेशन. झिजलेल्या भागावर धातूचे पातळ कवच बसवतात. मध्ये टणक प्लास्टिकची चकती ठेवतात. बाकीचा गुडघा आणि त्याचे बंध आपलेच राहतात. याला अर्धा गुडघा बदलणे म्हणतात.

ही काही कालची युक्ती नाही. इंग्लंडात ऑक्सफर्ड येथे जॉन गुडफेलो नावाचे डॉक्टर आणि जॉन ओ'कॉनर नावाचे अभियंता होते. त्या दोघांनी मिळून असा एक सांधा तयार केला. सन १९८२ पासून तो आतल्या एका खणासाठी वापरात आला. एकाला हाडाचे ज्ञान, दुसऱ्याला यंत्राचे. दोघे एकत्र बसले म्हणून काम झाले.

प्रत्येकाला ऑपरेशन नको

पण थांबा. उद्या सकाळी सगळ्यांनी शहराची गाडी पकडू नका!

आमच्या आळीतल्या एक बाई त्याच डॉक्टरांकडे गेल्या होत्या. डॉक्टर त्यांना म्हणाले, "तुम्हांला ऑपरेशनची गरज नाही. वजन थोडे उतरवा. मांडीचे व्यायाम करा." त्यांनी ते नेमाने केले. आज त्या डोक्यावर भाकरीची पाटी घेऊन रानात जातात. ज्याला व्यायामाने बरे वाटते, त्याने व्यायामच करावा.

अर्धा गुडघा बदलणे हेही सगळ्यांना चालत नाही. तिन्ही खण झिजले असतील, आमवाताने सांधा पोखरला असेल, किंवा बंध तुटले असतील, तर डॉक्टर दुसरा उपाय सांगतात. आणि अर्धा गुडघा बदलला, तरी पुढे कधी उरलेले खण झिजू शकतात. मग पुन्हा ऑपरेशन लागू शकते. हे डॉक्टरांनी आम्हांला आधीच सांगितले होते. तुम्हीही आधीच विचारा. विचारण्यात कमीपणा नाही.

पैशाचेही विचारा. कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर केंद्र सरकारने ऑगस्ट २०१७ मध्ये मर्यादा घातली. सरकारी आरोग्य योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. आपले काम योजनेत बसते की नाही, ते त्याला विचारावे. विचारल्यावाचून जमीन गहाण ठेवू नये.

आधीचा अभ्यास

ऑपरेशन ठरले. तारीख दीड महिन्यानंतरची मिळाली. आम्ही म्हटले, "चला, तोवर आराम करू." डॉक्टर म्हणाले, "आराम नाही, गुरुजी. आता अभ्यास." त्यांनी आम्हांला शेजारच्या खोलीत पाठवले. तिथे एक तरुण बाई होत्या. दारावर पाटी होती. शब्द लांब आहे. माझ्याबरोबर जोडून वाचा: फि-जि-ओ-थे-र-पी. म्हणजे व्यायामाने आणि हालचालीने केलेला उपचार.

बाई म्हणाल्या, "गुरुजी, मांडीचा स्नायू हा गुडघ्याचा बैल आहे. गाडी नवी केली आणि बैल मरतुकडा राहिला, तर गाडी चालेल का?"

आम्हांला ते पटले. ऑपरेशननंतर गुडघा सुजतो. सुजला, की मांडीचा स्नायू झोपी जातो. त्याला हाक मारून उठवावे लागते. आधीच तो बळकट असेल, तर लवकर उठतो. म्हणून त्या दीड महिन्यात आम्ही रोज व्यायाम केले. वॉकर धरून चालायला शिकलो. हातात काठी कशी धरायची तेही शिकलो. दुखत नसताना शिकलेले दुखताना उपयोगी पडते.

आणखी काही कामे होती. आम्ही शाळेत मुलांना तंबाखूचे तोटे सांगत असू आणि घरी गुपचूप तंबाखू खात असू. ती त्या वेळी सोडली. तंबाखू आणि विडी यांनी जखम भरायला वेळ लागतो. तिच्यात जंतू शिरण्याची भीतीही वाढते. ज्याला साखरेचा आजार आहे, त्याने साखर ताब्यात आणली पाहिजे. दात किडला असेल, पायाला चिखल्या झाल्या असतील, लघवीला जळजळ होत असेल, तर ते डॉक्टरांना सांगून आधी बरे करून घ्यावे. अंगातले जंतू नव्या सांध्यात गेले, तर मोठा घोटाळा होतो.

घरही तयार केले. जमिनीवरचे अंथरूण काढून खाट मांडली. हाताची खुर्ची आणली. संडासात बसायला कमोडची खुर्ची ठेवली. पाय अडकेल अशी गोणपाटे आणि सतरंज्या उचलल्या. रात्री दिवा लागेल अशी सोय केली.

ऑपरेशन झाले

सन २०२३ च्या जानेवारीत ऑपरेशन झाले. कमरेत सुई देऊन खालचे अंग बधिर केले. आम्हांला काही दुखले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी व्यायामाच्या बाई हजर! "उठा गुरुजी, उभे राहा." आम्ही घाबरलो. पण वॉकर धरला आणि उभे राहिलो. खोलीतल्या खोलीत दहा पावले टाकली. घाम फुटला, पण पावले पडली.

तिसऱ्या दिवशी घरी पाठवले. जाताना बाईंनी एक कागद हातात दिला. त्यावर सगळे व्यायाम लिहिले होते. काय करावे, काय करू नये, तेही लिहिले होते. बाई म्हणाल्या, "डॉक्टरांचे काम तासाभराचे होते. ते झाले. आता तुमचे काम सुरू. हा तुमचा गृहपाठ."

आम्ही मान डोलावली. कागद खिशात घातला.

उशीची गोष्ट

आता आमची चूक सांगतो. ती सांगायला लाज वाटते, पण सांगतो.

घरी आलो आणि सारे गाव भेटायला लोटले. जो येई तो म्हणे, "गुरुजी, हलू नका. टाके तुटतील." आमच्या सौभाग्यवती पाणीसुद्धा हातात देत. आमच्या थोरल्या आक्का डिंकाचे लाडू घेऊन आल्या. त्यांनी आमचा पाय पाहिला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. त्यांनी एक मऊ उशी आणली आणि अलगद आमच्या गुडघ्याखाली ठेवली.

काय सांगावे! उशी ठेवताच दुखणे निम्मे झाले. गुडघा थोडा वाकलेला राहिला, की सुजलेल्या सांध्याला सुख वाटते. आम्ही ती उशी सोडलीच नाही. रात्रंदिवस तिथेच. व्यायाम? आज फार दुखते, उद्या करू. उद्या पाहुणे आहेत, परवा करू. ज्याने पस्तीस वर्षे मुलांचा गृहपाठ तपासला, त्याने स्वतःचा गृहपाठ केला नाही. कागद तर त्याच उशीच्या अभ्र्यात पडून होता.

आक्का त्या वेळी सहा महिन्यांपासून या वर्गाला येत होत्या. बाराव्या दिवशी दुपारी त्या आमच्याजवळ बसल्या होत्या. त्यांना वाचायची हौस. मिळेल तो कागद वाचायच्या. उशी झटकताना तो कागद खाली पडला. त्यांनी उचलला. बोट ठेवून एकेक अक्षर जोडू लागल्या. आम्ही डोळे मिटून पडलो होतो. आमच्या कानावर शब्द आले:

"गु-ड-घ्या-खा-ली... उ-शी... घे-ऊ... न-ये."

आक्का थांबल्या. पुन्हा वाचले. मग आमच्याकडे पाहिले. "अरे, इथं तर उशी घेऊ नये म्हणून लिवलंय! तू मास्तर ना? तुला वाचता येत नव्हतं व्हय?"

आम्ही काय बोलणार? ज्या हातांनी त्यांनी मायेने उशी ठेवली होती, त्याच हातांनी ती काढून घेतली.

आक्का आज इथे पुढेच बसल्या आहेत. त्या आता पदर तोंडाला लावून हसत आहेत. हसू द्या. त्यांना तो अधिकार आहे.

पंधरा अंशांची तूट

चौदाव्या दिवशी टाके काढायला गेलो. व्यायामाच्या बाईंनी मोठ्या कोनमापकाने गुडघा मोजला. पाय सरळ रेषेत यायला हवा होता. त्यात पंधरा अंशांची तूट होती. गुडघा काटकोनात, म्हणजे नव्वद अंश वाकायला हवा होता. तो जेमतेम सत्तरपर्यंत गेला.

बाई रागावल्या नाहीत. त्यांनी शांतपणे सांगितले, "गुरुजी, पाय पुरता सरळ झाला नाही, तर तुम्ही कायमचे लंगडत चालाल. मांडीचा स्नायू सतत ताणलेला राहील. कंबरही दुखू लागेल. डॉक्टरांनी सांधा चांगला बसवला आहे. पण पाय असाच आखडून बसला, तर त्या सांध्याचा काय उपयोग? अजून वेळ गेलेली नाही. आजपासून नेटाने करा."

त्या रात्री आम्हांला झोप आली नाही. पैसे गेले, दुखणे सोसले, मुलाने रजा काढली. आणि आपल्या आळसाने हे सारे पाण्यात जाणार? सकाळी उठलो आणि आक्कांना म्हटले, "तू वाच. मी करतो."

आक्का वाचत, आम्ही करत असू

काय व्यायाम होते ते ऐका.

पहिला. उताणे झोपून पाऊल वर-खाली हलवायचे. याने पोटरीतले रक्त खेळते राहते. शिरेत रक्ताची गाठ होण्याची भीती कमी होते.

दुसरा. पाय सरळ ठेवून गुडघा खाटेवर खाली दाबायचा. मांडी घट्ट होते. पाच आकडे म्हणेपर्यंत धरायचे आणि सोडायचे.

तिसरा. टाच खाटेवरून हळूहळू कमरेकडे ओढायची. गुडघा वाकतो. मग पुन्हा पाय सरळ.

चौथा. चांगला पाय वाकवून ठेवायचा. दुखरा पाय सरळ, वीतभर उचलायचा. पाच आकडे म्हणायचे. हळूच खाली ठेवायचा.

पाचवा आमच्यासाठी सर्वांत मोलाचा. टॉवेलची गुंडाळी करायची. ती गुडघ्याखाली नाही, टाचेखाली ठेवायची. गुडघा अधांतरी राहतो आणि आपल्याच वजनाने सरळ होत जातो. दुखते, पण काम होते.

प्रत्येक व्यायाम दहा वेळा. दिवसातून तीन वेळा. आम्हांला असे सांगितले होते. तुमची संख्या तुमच्या फिजिओथेरपीच्या बाई किंवा दादा ठरवतील.

डॉक्टरांनी दिलेली दुखण्याची गोळी आम्ही व्यायामाच्या आधी अर्धा-पाऊण तास घेत असू. व्यायाम झाला, की टॉवेलात बर्फ गुंडाळून पंधरा मिनिटे गुडघ्यावर ठेवत असू. बर्फ उघड्या कातड्यावर ठेवू नये. सुजलेल्या गुडघ्याला शेकू नये. जखमेवर तेल चोळू नये. कोणाकडून गुडघा ओढून, पिळून घेऊ नये.

दुखणे दोन जातींचे असते. व्यायाम करताना ताण बसतो आणि थोड्या वेळाने शमतो, ते कामाचे दुखणे. त्याला भिऊ नये. पण रात्रभर ठणकले आणि सूज वाढली, तर आदल्या दिवशी जास्त झाले असे समजावे. दुसऱ्या दिवशी कमी करावे, पण बंद करू नये.

तीन आठवडे असे गेले. पंधरा अंशांची तूट पाचावर आली. गुडघा काटकोनाच्या पुढे वाकू लागला. सहा आठवडे भरले त्या दिवशी बाईंनी कोनमापक लावले. पाय सरळ रेषेत! आम्हांला मॅट्रिक पास झाल्यासारखा आनंद झाला.

चालणे

आधी वॉकर, मग काठी. गुडघा उजवा असेल, तर काठी डाव्या हातात धरावी. पुष्कळ लोक दुखऱ्या बाजूलाच काठी धरतात. ते चूक आहे.

पायऱ्यांचा नियम पाठ करा. चढताना चांगला पाय आधी. उतरताना दुखरा पाय आधी, काठीबरोबर. चांगला पाय अंगाचा भार पेलतो, म्हणून असे.

डॉक्टर हो म्हणेपर्यंत मोटारसायकल चालवू नये. सूज काही महिने राहू शकते. जखमेच्या बाजूला थोडी जागा बधिर वाटते. त्याने घाबरू नये. रोजची कामे साधारण दीड महिन्यात जमू लागतात. पुरता जोर यायला सहा महिने, कोणाला वर्षही लागते. पेरले, की दुसऱ्या दिवशी कणीस येत नाही.

धोक्याच्या खुणा

हे नीट ऐका. पोटरी दुखू लागली, सुजली, गरम झाली, तर चोळू नका. तिथे रक्ताची गाठ असू शकते. त्याच दिवशी डॉक्टर गाठा. छातीत दुखले, दम लागला, तर क्षणभरही थांबू नका. १०८ क्रमांकाला फोन करून रुग्णवाहिका बोलवा. जखमेतून पू आला, लाली वाढली, थंडी वाजून ताप आला, तर घरगुती औषध करत बसू नका.

आज

ऑपरेशनला सात आठवडे झाले, त्या शनिवारी आम्ही देवळाकडे निघालो. डाव्या हातात काठी. शेजारी आक्का. पहिली पायरी. चांगला पाय आधी. मग दुखरा. आक्का मोठ्याने मोजत होत्या. सातवी पायरी आली. साडेतीन वर्षांनी आम्ही मारुतीपुढे उभे राहिलो. डोळे भरून आले ते लपवले नाही.

आज आम्ही रोज दोन किलोमीटर चालतो. नातवाला शाळेत पोचवतो. भजनाला जातो, पण खुर्चीवर बसतो. मांडी घालून, उकिडवे बसणे डॉक्टरांनी टाळायला सांगितले आहे. ते आम्ही पाळतो. सकाळचे व्यायाम आजही सोडलेले नाहीत.

मंडळी, गुडघा डॉक्टर बसवतात. पण चालणे आपले आपल्याला मिळवावे लागते. आजाऱ्यावर माया करावी, पण कागदात काय लिहिले आहे ते वाचून करावी. आम्ही शिकलेले असून कागद वाचला नाही, आणि आमचा पाय अडला. आक्कांनी सहा महिन्यांच्या अक्षरओळखीवर तो वाचला, आणि आमचा पाय सुटला. उद्या तुमच्या घरी असा एखादा कागद येईल. तो खिशात ठेवू नका. बोट ठेवून, एकेक अक्षर जोडून वाचा.

एवढे बोलून आम्ही आमचे चार शब्द पुरे करतो. आता उठा पाहू. गुडघ्यावर हात न टेकता कोण उठतो, ते आम्ही बघणार आहोत!

उजळणी

१. गुडघ्याचे तीन खण कोणते?

२. उशी गुडघ्याखाली का ठेवू नये? टॉवेलची गुंडाळी कोठे ठेवावी?

३. पायऱ्या चढताना कोणता पाय आधी? उतरताना कोणता?

४. पोटरी सुजली तर काय करावे? काय करू नये?

५. आक्कांनी वाचलेले वाक्य पाटीवर लिहा.